सनद घेणारे, सनद परत देणारे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांचा मी विद्यार्थी. सर लढाई शिकवायचे तेव्हा फळ्यावर नदी काढायचे, टेकडी काढायचे, दोन बाजूंनी बाण काढायचे. मग खडू खाली ठेवून विचारायचे, "ते सगळं ठीक, पण यांना पगार कोण देत होतं?" आम्ही हसायचो. आज या मालेचे दुसरे पुष्प गुंफताना मी सरांचाच प्रश्न घेऊन उभा आहे. लढाया कोणी जिंकल्या हे पुस्तकात असते. मला सांगायचे आहे ते एका छापील कागदाबद्दल आणि तो कागद परत करणाऱ्या माणसांबद्दल.

अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध १७७५ साली सुरू झाले आणि १७८३ साली संपले. या आठ वर्षांत सेनापती वॉशिंग्टन यांना इंग्रजांनी जेवढे छळले, जवळजवळ तेवढेच त्यांच्याच अधिकाऱ्यांच्या राजीनाम्यांनी छळले. ही अतिशयोक्ती वाटेल. तासाभराने ठरवा.

आधी एक शब्द. 'राजीनामा' आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. मंत्र्याचा राजीनामा, अध्यक्षाचा राजीनामा. पण जुन्या महसुलाच्या दप्तरात राजीनामा आणि कबुलायत अशी जोडी असे. जमीन सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा, घेणारा कबुलायत. राजी म्हणजे खुशीने. राजीखुशीने हक्क सोडल्याचा कागद, हा त्याचा मूळ अर्थ. आता मला सांगा, आपण पाहिलेल्या राजीनाम्यांपैकी खुशीचे किती? कोणी रुसून देतो, कोणी धमकी म्हणून देतो, कोणी स्वीकारला जाणार नाही या खात्रीने देतो. हे सगळे प्रकार त्या युद्धात भेटतील. खुशीचा मात्र एखादाच.

दुसरा शब्द सनद. अधिकाऱ्याच्या नेमणुकीच्या कागदाला इंग्रजीत कमिशन म्हणतात, मी सनद म्हणतो. अठराव्या शतकातल्या इंग्रजी फौजेत ही सनद चक्क विकत मिळे. १७६६ सालच्या दरपत्रकानुसार पायदळात सर्वांत खालची अधिकारी जागा ४०० पौंडांना, कॅप्टनची १५०० पौंडांना आणि लेफ्टनंट कर्नलची ३५०० पौंडांना. लष्कर सोडायचे तर जागा पुढच्याला विकायची आणि पैसे घेऊन घरी जायचे. म्हणजे तिथे राजीनामा हा एका अर्थाने विक्रीचा व्यवहार होता. हसू नका. ही पद्धत १८७१ पर्यंत चालली, आणि तिच्यात एक सोय होती : ज्याचे भांडवल अडकलेले आहे तो सहसा बंड करत नाही.

इंग्लंडच्या राजाच्या या सनदेसाठी एक तरुण फार झुरला. व्हर्जिनियाचा जॉर्ज वॉशिंग्टन. १७५४ साली व्हर्जिनियाच्या फौजेची फेररचना झाली आणि कर्नल असलेल्या वॉशिंग्टनला कॅप्टन होऊन राहा असे सांगण्यात आले. त्याने राजीनामा दिला. पुन्हा बोलावले तेव्हा तो व्हर्जिनियाच्या साऱ्या फौजेचा प्रमुख झाला. पण फोर्ट कंबरलँडमध्ये डॅगवर्दी नावाचा एक कॅप्टन होता. हाताखाली तीसेक माणसे. या कॅप्टनकडे एकेकाळी राजाची सनद होती, म्हणून तो म्हणे, वसाहतीच्या कर्नलपेक्षा मी वरचा. वॉशिंग्टन काय करणार? १७५६ च्या हिवाळ्यात तो घोड्यावर बसून बॉस्टनला गेला, तिथल्या सरसेनापतीकडे दाद मागायला. व्हर्जिनियाहून बॉस्टन. वाटेत त्याला पंचविसावे वर्ष लागले. डॅगवर्दीचा प्रश्न त्याच्या बाजूने सुटला. राजाची सनद मात्र मिळाली नाही, ती कधीच मिळाली नाही. १७५८ च्या अखेरीस त्याने पुन्हा राजीनामा दिला आणि तो शेती बघू लागला. कागदावर कोणाची सही आहे यावरून माणसाचा किती पाणउतारा होऊ शकतो, हे या गृहस्थाला विशी-पंचविशीतच कळले होते. पुढचे सगळे ऐकताना हे लक्षात ठेवा.

१५ जून १७७५ रोजी काँग्रेसने याच वॉशिंग्टन यांना सेनापती नेमले. काँग्रेस म्हणजे आपली नव्हे, फिलाडेल्फियात भरलेली वसाहतींची काँग्रेस. सनदेवर तारीख आहे १९ जूनची. महिना पाचशे डॉलर पगार ठरला होता, तो त्यांनी नाकारला. म्हणाले, खर्चाचा हिशेब ठेवीन, तेवढा द्या. आणि लगोलग जे व्हायचे ते झाले. पहिल्या यादीत चार मेजर जनरल आणि आठ ब्रिगेडियर जनरल. यादी बाहेर आली आणि कनेक्टिकटचे जोसेफ स्पेन्सर छावणी सोडून निघून गेले. कारण? कनेक्टिकटच्या फौजेत त्यांच्या खाली असलेल्या पटनम यांना काँग्रेसने वरचा हुद्दा दिला. स्पेन्सर यांची समजूत काढून त्यांना परत आणावे लागले. इंग्रज फौज बॉस्टनमध्ये बसलेली आहे, आणि इकडे सेवाज्येष्ठतेचा वाद!

सेवाज्येष्ठता म्हटल्यावर सभागृहात काही माना हललेल्या मला दिसल्या. सरकारी नोकरीत असलेल्यांना, शाळा-महाविद्यालयांत नोकरी केलेल्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आमच्या शिक्षकखोलीतल्या एका ज्येष्ठाच्या खणात राजीनाम्याचा कागद कायम तयार असे, फक्त तारीख घालायची बाकी. तीस वर्षांत ती तारीख पडली नाही आणि ते यथास्थित निवृत्त झाले. पण हसण्यावारी नेऊ नये अशी यात एक गोष्ट आहे. ज्याला जन्माने सरदारकी मिळालेली नाही, पैशाने विकत घेतलेली नाही, त्याच्याकडे मानाचे मोजमाप दुसरे कोणते? यादीतला क्रमांक. प्रजासत्ताकाने सरदारक्या काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी यादी आणली. मग यादीवरून भांडणे होणारच.

बरे, यादी करणारे तरी कसे? फेब्रुवारी १७७७ मध्ये काँग्रेसने ठरवले की सेनापती निवडताना ज्येष्ठता पाहू, गुणवत्ता पाहू, आणि कोणत्या राज्याने किती सैन्य दिले तेही पाहू. ही तिसरी कसोटी आपल्याला अनोळखी नाही. मंत्रिमंडळ बनवताना विभागवार वाटप करतात, तसेच हे. त्या महिन्यात पाच नवे मेजर जनरल झाले, आणि पाचही जण बेनेडिक्ट अर्नल्डपेक्षा कनिष्ठ. अर्नल्ड मूळचा न्यू हेवनचा औषधविक्रेता. क्वेबेकवरच्या हल्ल्यात पायात गोळी खाल्लेला, शँप्लेन सरोवरात ओल्या लाकडाचे आरमार उभारून इंग्रजांची चढाई एका मोसमाने लांबवलेला. त्याला का डावलले? कारण कनेक्टिकटचे दोन मेजर जनरल आधीच होते. त्यातले एक ते रुसलेले स्पेन्सर!

अर्नल्डने काय केले? एप्रिलमध्ये रिजफील्डला इंग्रजांशी लढला, अंगाखालचा घोडा मारला गेला. मग २ मे रोजी काँग्रेसने त्याला मेजर जनरल केले, पण ज्येष्ठता दिली नाही. म्हणजे ते पाच जण वरच राहिले. ११ जुलै १७७७ रोजी त्याने राजीनामा सादर केला. त्याच सुमारास वॉशिंग्टन यांचे पत्र आले, उत्तरेत इंग्रज सेनापती बर्गॉइनची फौज उतरते आहे, अर्नल्डला तिकडे पाठवा. अर्नल्ड राजीनामा बाजूला ठेवून गेला. साराटोगाच्या दुसऱ्या लढाईत, ७ ऑक्टोबरला, त्याच पायात पुन्हा गोळी लागली. दहा दिवसांनी बर्गॉइन यांनी साऱ्या फौजेनिशी शरणागती पत्करली आणि फ्रान्स युद्धात उतरायला राजी झाला. ज्येष्ठता? ती नोव्हेंबरात मिळाली. पण तोवर त्या माणसाच्या आत काहीतरी नासले होते. १७८० साली त्याने वेस्ट पॉइंटचा किल्ला इंग्रजांना विकायचा सौदा केला, कट फुटला, तो पळाला. सौद्यात त्याला सहा हजार पौंड मिळाले आणि ब्रिटिश ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा. साराटोगाच्या रणभूमीवर १८८७ साली उभारलेले एक स्मारक आहे. त्यावर बूट कोरला आहे, पराक्रमाचे वर्णन आहे, नाव मात्र नाही.

म्हणून काय, काँग्रेसने डावलले म्हणून अर्नल्ड फितूर झाला? असे म्हणणे मला पटत नाही. कारण त्याच वर्षी, तशाच अन्यायाने डावललेला दुसरा एक माणूस होता. न्यू हॅम्पशायरचा जॉन स्टार्क. बंकर हिलला लढलेला, ट्रेंटन आणि प्रिन्स्टनला लढलेला. त्याच्याऐवजी एनॉक पुअर यांना ब्रिगेडियर केले. स्टार्कने मार्च १७७७ मध्ये राजीनामा दिला. धमकी नाही, घासाघीस नाही, सरळ घरी. जुलैमध्ये बर्गॉइन जवळ आल्यावर न्यू हॅम्पशायरने त्याला बोलावले. तो म्हणाला, येतो, पण माझी सनद तुमची असेल, काँग्रेसची नाही, आणि मी तिकडच्या सेनापतींचे हुकूम मानणार नाही. न्यू हॅम्पशायरने तशी सनद दिली. काँग्रेसचा मेजर जनरल लिंकन त्याला फौजेसह दुसरीकडे न्यायला आला, तेव्हा स्टार्कने चक्क नकार दिला. लिंकन कोण? फेब्रुवारीच्या त्या पाचांतला एक.

आता गंमत ऐका. १९ ऑगस्टला फिलाडेल्फियात काँग्रेसने ठराव करून न्यू हॅम्पशायरने दिलेली ही मोकळीक लष्करी शिस्तीला घातक ठरवली. ठराव करणाऱ्यांना माहीत नव्हते की तीन दिवसांपूर्वी, १६ ऑगस्टला, बेनिंग्टनजवळ स्टार्कने बर्गॉइन यांची सुमारे नऊशे माणसे मारली किंवा पकडली होती. बातमी पोचली. ४ ऑक्टोबरला काँग्रेसने स्टार्कला ब्रिगेडियर जनरल केले. ठराव चुकीचा होता का? मी म्हणेन, नव्हता. प्रत्येक राज्याने आपापली सनद आणि आपापला सेनापती ठेवला तर देश कसला? पण स्टार्क जिंकला, हेही खरे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांतली एक पुसून दुसरी ठेवू नये. हे सरांचे वाक्य नाही, पण शिकवण त्यांचीच.

परदेशी अधिकाऱ्यांची कथा मी थोडक्यात सांगतो, नाहीतर अध्यक्ष महोदय घड्याळाकडे पाहतील. पॅरिसमध्ये बसलेले अमेरिकेचे प्रतिनिधी सायलस डीन फ्रेंच अधिकाऱ्यांना हुद्द्यांची आश्वासने सढळ हाताने वाटत होते. द्यु कुद्रे नावाच्या तोफखान्याच्या अधिकाऱ्याला तर सगळा तोफखानाच देऊ केला. तोफखाना तेव्हा जनरल नॉक्स यांच्याकडे होता. नॉक्स, ग्रीन आणि सलिव्हन या तिघा जनरलांनी काँग्रेसला पत्रे लिहिली : हे खरे असेल तर आमचे राजीनामे घ्या. काँग्रेस खवळली. म्हणाली, माफी मागा नाहीतर चालते व्हा. राजीनामा कोणीच दिला नाही. सप्टेंबर १७७७ मध्ये द्यु कुद्रे घोड्यावरून न उतरताच तरीवर चढला, घोडा बुजला, दोघे स्कूलकिल नदीत गेले, आणि तो बुडाला. प्रश्न मिटला. त्याच उन्हाळ्यात एकोणीस वर्षांचा लाफायेत आला. पगार नको म्हणाला, म्हणून त्याला मेजर जनरल करणे काँग्रेसला सोपे गेले.

आणि टॉमस कॉनवे. जन्माने आयरिश, चाकरीने फ्रेंच. वॉशिंग्टन यांच्या पाठीमागे त्यांची निंदा करणारा म्हणून त्याचे नाव इतिहासात राहिले. डिसेंबर १७७७ मध्ये त्याला बढती मिळाली तेव्हा वरच्या क्रमांकाचे ब्रिगेडियर चिडले. १७७८ च्या वसंतात त्याने तक्रारीच्या भरात राजीनाम्याची भाषा वापरली. काँग्रेसने काय केले? स्वीकारला! मला तसे म्हणायचे नव्हते, असे तो सांगत राहिला, पण कोणी ऐकेना. पुढे द्वंद्वयुद्धात तोंडात गोळी लागली, मरणार असे वाटून त्याने वॉशिंग्टन यांना क्षमापत्र लिहिले, आणि मग जगला. कुठे गेला म्हणाल? आपल्याकडे. १७८७ ते १७८९ या काळात तो पाँडिचेरीला फ्रेंच हिंदुस्थानचा गव्हर्नर होता. हे जग तेव्हाही लहानच होते. याच युद्धात यॉर्कटाउनला हरलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७९२ साली श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात होता, आणि त्याच्या सोबतीला पेशव्यांच्या फौजेचे हरिपंत फडके होते; त्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनही होते. अमेरिकेचा इतिहास आम्हाला कशाला, असे विचारणाऱ्यांसाठी एवढे पुरे.

आता सरांच्या प्रश्नाकडे येतो. पगार कोण देत होते? खरे उत्तर : कोणीच नाही. काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. ती नोटा छापत होती आणि नोटांची किंमत उतरत होती. १७७७ च्या डिसेंबरात फौज व्हॅली फोर्जला उतरली. आल्बिजन्स वॉल्डो नावाच्या लष्करी डॉक्टरची रोजनिशी आहे. त्यात ख्रिसमसनंतरच्या दिवसांत तो लिहितो की जनरल ग्रीन यांच्या तुकडीतल्या पन्नासहून अधिक अधिकाऱ्यांनी एका दिवसात राजीनामे दिले. का? इंग्रजांना भिऊन? नाही. घरी बायकामुलांना खायला नव्हते. १७७८ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टन काँग्रेसला कळवतात की गेल्या ऑगस्टपासून दोनशे ते तीनशे अधिकाऱ्यांनी सनदा परत केल्या आहेत.

इथे मला काँग्रेसचे सदस्य जॉन अ‍ॅडम्स यांच्याशी भांडायचे आहे. त्यांनी १७७७ साली पत्नीला पत्रात लिहिले की हे अधिकारी हुद्द्यासाठी आणि पगारासाठी शेंगदाण्यावर झडप घालणाऱ्या माकडांसारखे झगडतात. अर्नल्डसारख्यांबद्दल ते बोलले असतील तर असोत. पण घरून उपासमारीची पत्रे येत असताना ज्याने सनद परत केली, तो लेफ्टनंट माकड कसा? अ‍ॅडम्स यांना स्वार्थी अधिकाऱ्यांची चीड होती. वॉशिंग्टन यांचे म्हणणे होते की नुसत्या देशप्रेमावर लांबचे युद्ध चालत नाही, अधिकाऱ्याला सनदेची किंमत वाटली पाहिजे. त्यांनी अर्ध्या पगाराचे निवृत्तिवेतन मागितले. मे १७७८ मध्ये काँग्रेसने सात वर्षांपुरते दिले, ऑक्टोबर १७८० मध्ये तहहयात दिले. कागदावर. मी या वादात वॉशिंग्टन यांच्या बाजूचा आहे.

पण मंडळी, आतापर्यंत मी फक्त सनदवाल्यांबद्दल बोललो. साध्या शिपायाचे काय? त्याला महिना सहा डॉलर आणि वर थोडे, तेही मिळाले तर. त्याला राजीनामा देता येत होता? नाही. अधिकारी कंटाळला तर तो सनद परत करी. शिपाई कंटाळला तर तो पळपुटा ठरे, आणि १७७६ च्या लष्करी कायद्याप्रमाणे त्याच्या पाठीवर शंभर फटके बसू शकत. स्वातंत्र्याच्या त्या लढाईत 'मी जातो' म्हणण्याचे स्वातंत्र्य हुद्दा पाहून मिळत होते. १ जानेवारी १७८१ च्या रात्री पेनसिल्व्हेनियाच्या शिपायांनी बंड केले. त्यांच्या करारात लिहिले होते, तीन वर्षे किंवा युद्ध संपेपर्यंत. शिपाई म्हणत, तीन वर्षे झाली, सोडा. अधिकारी म्हणत, युद्ध संपले नाही, थांबा. हे शिपाई इंग्रजांकडे गेले नाहीत. इंग्रजांनी पाठवलेले हेर त्यांनी पकडून दिले. वाटाघाटी झाल्या आणि अर्ध्याहून अधिकांना मोकळीक मिळाली. त्याच महिन्यात न्यू जर्सीच्या शिपायांनी तेच करून पाहिले. त्यांच्या दोन म्होरक्यांना गोळ्या घातल्या, आणि गोळ्या झाडायला उभे केले त्यांच्याच साथीदारांना. माझ्या मते या युद्धाचा कोणताही इतिहास ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुरा होत नाही.

राजीनाम्याचे हत्यार शेवटी सर्वांनी मिळून उपसायचे घाटत होते. मार्च १७८३ मध्ये न्यूबर्गच्या छावणीत एक निनावी पत्रक फिरले. पगार थकलेला, निवृत्तिवेतनाचा पत्ता नाही. पत्रकाचा मतलब असा : तह झाला तर शस्त्रे खाली ठेवू नका, आणि युद्ध चालूच राहिले तर काँग्रेसला तिच्या नशिबावर सोडून रानात निघून जा. म्हणजे साऱ्या फौजेचा एकगठ्ठा राजीनामा! १५ मार्चला वॉशिंग्टन सभेत आले. भाषण केले, फार परिणाम झाला नाही. मग एक पत्र वाचायला काढले, अक्षर लागेना, आणि खिशातून चष्मा काढला. तो चष्मा बहुतेकांनी कधी पाहिला नव्हता. तुमच्या सेवेत केस पिकले, आता डोळेही चालले, अशा अर्थाचे काहीतरी ते बोलले. कित्येकांचे डोळे भरून आले. बंड तिथेच विरले. भाषणाने झाले नाही ते चष्म्याने झाले. व्याख्यात्याने याची नोंद घ्यावी.

आणि मग तो खुशीचा राजीनामा. २३ डिसेंबर १७८३, दुपार, अ‍ॅनापोलिसचे सभागृह. तह मंजूर करायलाही गणपूर्ती होत नव्हती अशी काँग्रेसची दशा, जेमतेम वीस सदस्य हजर. अध्यक्ष कोण? टॉमस मिफ्लिन. ज्यांनी १७७७ साली पुरवठा प्रमुखाचे पद सोडले होते आणि जे वॉशिंग्टन यांच्या टीकाकारांत गणले जात, तेच. समारंभाचे नियम आधी ठरले होते. वॉशिंग्टन वाकून नमस्कार करतील. सदस्य बसून राहतील, टोपी किंचित उचलतील, वाकणार नाहीत. सेनापती लोकप्रतिनिधींपुढे वाकतो, लोकप्रतिनिधी सेनापतीपुढे नाही. भाषण वाचताना त्यांचा हात इतका थरथरत होता की कागद दोन्ही हातांनी धरावा लागला. मग त्यांनी १७७५ सालची ती सनद काढली आणि मिफ्लिन यांच्या हातात दिली. बॉस्टनपर्यंत घोडा दामटूनही ज्याला राजाची सनद मिळाली नाही, त्याने लोकांची सनद आठ वर्षे सांभाळून परत केली, बदल्यात काही न मागता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी पोचले.

त्या सभागृहात जेम्स मॅकहेन्री नावाचे एक सदस्य होते. पूर्वी लष्करात डॉक्टर, मग वॉशिंग्टन यांचे मदतनीस. हा प्रसंग आपल्याला इतक्या तपशिलाने माहीत आहे, तो त्यांनी त्या दिवशी आपल्या वाग्दत्त वधूला लिहिलेल्या पत्रामुळे. पंधरा वर्षांनी, जुलै १७९८ मध्ये, फ्रान्सशी युद्धाची चिन्हे दिसू लागली तेव्हा हेच मॅकहेन्री युद्धमंत्री होते, आणि वॉशिंग्टन यांची नवी सनद घेऊन ते स्वतः माउंट व्हर्ननला, त्यांच्या घरी, गेले. वॉशिंग्टन यांनी ती घेतली. १४ डिसेंबर १७९९ रोजी ते वारले, तेव्हा ती त्यांच्याकडेच होती.